वाण चांगला, पण कोणत्या हंगामाचा?

वणीच्या उपबाजारात लिलावाला लागलेल्या ट्रॉलीपुढे व्यापारी वाणाचे नाव क्वचितच विचारतो. कांदा लाल आहे, रांगडा आहे की उन्हाळ, हे त्याला पुरते. शेतकरी मात्र बियाणे घेताना आधी एकरी उतारा विचारतो.

उतारा येतो कुठून, हे आधी पाहू. रोपाने पात वाढवणे थांबवून कांदा कधी पोसायला घ्यायचा, हे मुख्यतः दिवसाची लांबी आणि तापमान ठरवते. उत्तर युरोपातल्या वाणांना त्यासाठी चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. वणीत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. ते वाण इथे नुसती पात देतील.

आपले वाण म्हणूनच लहान दिवसाचे. पश्चिम आफ्रिकेतला, नायजरमधील गालमी गावाच्या नावाने ओळखला जाणारा जांभळट ‘व्हायोले द गालमी’ही याच गटातला. तिथेही तो पावसाळा सरल्यावर, थंडीत लावतात.

पण लहान दिवसाचे सगळे वाण एकसारखे नसतात. एन-५३, बसवंत ७८० हे खरिपाचे. दिवस उतरत असतानाही ते पोसतात. पिंपळगाव बसवंतच्या स्थानिक कांद्यातून निवडलेला एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचा भीमा किरण यांची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, त्यांना दिवस आणि ऊन दोन्ही चढते लागतात. उन्हाळचे उळे खरिपात टाकले, तर माना जाड राहतात आणि कांदा भरत नाही. खरिपाचे बी रब्बीत गेले, तर जोडकांदे आणि डेंगळे वाढतात. दोष वाणाचा नसतो, तारखेचा असतो.

म्हणून शास्त्रीय चाचणीत सर्व वाण एकाच शेतात, एकाच दिवशी लावतात. प्रत्येकाला तीन-चार वाफे मिळतात, तेही सोडत काढून. पाटाजवळच्या वाफ्याने वाणाला फुकटचे श्रेय देऊ नये, एवढ्यासाठी. (बांधावरच्या तुलनेत नेमके हेच घडते.) मग पानांची संख्या, मानेची जाडी, कांद्याचा व्यास, डेंगळे आणि विक्रीयोग्य माल मोजतात.

उन्हाळ कांद्याला तेवढे पुरत नाही. देशातला सुमारे ६० टक्के कांदा रब्बीचा आणि पावसाळ्यात बाजार चालतो तो चाळीतल्या मालावर. समजा, एका वाणाने एकरी १२० क्विंटल दिले आणि चाळीत ४० टक्के घट आली, तर हाती ७२ उरतात. दुसऱ्याने १०० दिले, घट २० टक्के, तर ८०.

उन्हाळ वाणाची शिफारस करताना काढणीच्या वजनाशेजारी चार महिन्यांनंतरचे वजनही छापले पाहिजे, असे आमचे मत आहे. तोवर शेतकऱ्याने दोन वाण चाळीत वेगळ्या कप्प्यांत भरावेत, भरतानाच तोलावेत आणि ऑगस्टात पुन्हा तोलावेत.