शिक्का कुणाचा? किकबॉक्सिंगच्या जागतिक संस्थेची ४५ वर्षे #धागा

१/ शहापूर-मुरबाडकडच्या गावजत्रेत कुस्ती निकाली झाली की विजेता ठरवायला कागद लागत नाही. पाठ टेकलेली साऱ्या गावाने पाहिलेली असते. गावाबाहेर मात्र प्रश्न उभा राहतो : हा विजय मानायचा कुणी? किकबॉक्सिंगच्या इतिहासाचा गाभा हाच प्रश्न आहे.

२/ १९६० च्या दशकात जपानमध्ये ओसामू नोगुची यांनी हे नाव रूढ केले. पश्चिमेत मात्र हा खेळ कराटेतून वाढला. तिथे प्रत्येक शैलीचे नियम निराळे, आणि त्यामुळे विजेतेही निराळे.

३/ हा तिढा सोडवण्यासाठी अमेरिकेचे माईक अँडरसन आणि बर्लिनचे गेओर्ग ब्रुकनर यांनी १९७६ मध्ये 'वाको' स्थापन केली. मूळ नावाचा अर्थ होता 'सर्व शैलींची जागतिक कराटे संघटना'. १९७८ साली बर्लिनमध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

४/ पण एकीसाठी जन्मलेल्या संस्थेतच फूट पडली. १९८५ साली लंडन आणि बुडापेस्ट अशा दोन ठिकाणी 'वाको'च्याच नावाने जागतिक स्पर्धा झाल्या. १९८७ मध्ये म्युनिकला संघटना पुन्हा एका छताखाली आली.

५/ हे परके वाटते? नोव्हेंबर २०२३ आठवा. फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे, एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी'. दोघांचाही घाम खरा होता. वाद संघटनांचा होता, झळ मात्र मल्लांच्या किताबाला लागली.

६/ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 'वाको'ला २०१८ मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये टोकियोच्या अधिवेशनात पूर्ण मान्यता दिली. स्थापनेपासून ४५ वर्षांनी! आणि मान्यता म्हणजे ऑलिंपिकमध्ये समावेश नव्हे, हेही ध्यानी असावे.

७/ म्हणून माझे स्पष्ट मत : नावात 'जागतिक' वा 'आंतरराष्ट्रीय' असल्याने कोणतीही संस्था तशी ठरत नाही. नाव एका दिवसात घेता येते. अधिकार मात्र समान नियम, नियमित स्पर्धा आणि इतरांची मान्यता यांतूनच मिळतो.

८/ राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून एसटीने सरावाला येणाऱ्या मुलामुलींनी शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे : या पदकावर शिक्का कुणाचा? त्या शिक्क्याला मान्यता कुणाची? असे विचारणे हा प्रशिक्षकाचा अवमान नव्हे. तो खेळाडूचा हक्क आहे.

धागा समाप्त.