गुडघा उघडल्यावरचा हिशेब

रोवणीच्या दिवसांत कामठ्याच्या बांध्यांत आमच्या मायबहिणी दिवसभर चिखलातून पाय उपसत असतात. पुढे साठीला आल्या की कित्येकींचे गुडघे बोलू लागतात. गोंदियाला, नागपूरला दाखवले की डॉक्टर म्हणतात, गुडघा बदला. मग घरात पहिला प्रश्न निघतो, कोणत्या कंपनीचा बसवायचा? आमच्या मते हा प्रश्न दुय्यम आहे.

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. तेव्हा या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोचले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कला आजच्या कृत्रिम गुडघ्याचा आराखडा घडवणाऱ्यांत हेच राणावत होते.

गुडघा बदलणे म्हणजे अख्खा सांधा काढून टाकणे नव्हे. मांडीच्या हाडाचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून त्यावर धातू बसवतात, मध्ये टणक प्लास्टिकची चकती. याचा अंदाज एक्स-रेवरून आधी बांधता येतो. खरी परीक्षा पुढेच. पाय सरळ ठेवून दोन हाडांमधली फट तपासायची, मग काटकोनात वाकवून तपासायची. दोन्ही वेळा ती सारखी यावी लागते. आम्ही कारकून माणसे, जमाखर्च जुळल्याशिवाय उठत नाही. इथेही तेच, फक्त खोडरबर नाही. सरळ करतानाच आवळत असेल तर मांडीच्या हाडाचा आणखी पातळ काप घेतात. दोन्हीकडे आवळत असेल तर नडगीचा. फेंगड्या पायात आतल्या बाजूचा अस्थिबंध आखडलेला असतो. तो जरासा सैल करायचा, तपासायचे, पुन्हा जरासा. जास्त सैल झाला की गुडघा डगमगतो. मग जाड चकती, नाहीतर अधिक पकडीचा वेगळा सांधा घालावा लागतो.

मागचा अस्थिबंध ठेवावा की काढावा, वाटीला आतून प्लास्टिक लावावे की नाही, यावर नामवंतांतही एकमत नाही. पाय अगदी सरळ रेषेत आणणे ही जुनी शिस्त. अलीकडे काही जण रुग्णाच्या पायाची मूळ ठेवण राखतात. यंत्रमानव असला तरी तो मोजून देतो, ठरवतो डॉक्टरच.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतींना लगाम घातला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती, ती कर सोडून ५४,७२० रुपयांवर आणली. तेव्हा महागड्या नावासाठी शेत गहाण टाकू नका. डॉक्टरांना विचारा, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? आईचा गुडघा कितपत वाकेल? दोन्ही एकदम करायचे तर तिचे हृदय तपासले का? संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी विचारा. आणि उकिडवे बसणे बहुतेक डॉक्टर नकोच म्हणतात, म्हणून घरात खुर्चीचा संडास करावा लागेल. तो खर्चही आधीच धरा.