आधी किल्ली, मग बाकीचं

दोस्तांनो, सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या घराजवळच्या एस. टी. स्टँडवर एक आजी झोपतात. आई त्यांना अधूनमधून पोळीभाजी नेऊन देते, कुणीतरी चादर दिलीय. आजी स्वतःशीच बोलत बसतात, म्हणून टवाळ पोरं त्यांना चिडवतात. पत्राच्या शेवटी ती विचारते, "सगळे त्यांना काही ना काही देतात. मग घरच का देत नाही कुणी?"

दोन दिवस ते पत्र माझ्या टेबलावर पडून होतं. मोठ्या माणसांकडे या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं असतात. "अहो, त्यांना घरात राहवणारच नाही," हे त्यातलं सगळ्यात आवडतं! म्हणून आज तुम्हांला एका हॉटेलची गोष्ट सांगतो. हॉटेल म्हणजे इडली-डोशाचं नव्हे हं, मुक्कामाला उतरायचं. आणि ते आहे पार अमेरिकेत, न्यूयॉर्कमध्ये.

टाइम्स स्क्वेअरचे फोटो तुम्ही पाहिले असतील. झगमगत्या जाहिराती, नाटकांची थिएटरं, ३१ डिसेंबरच्या रात्रीची ती तोबा गर्दी. तिथंच, ४३ व्या रस्त्यावर, १९२२ मध्ये एक टोलेजंग हॉटेल उभं राहिलं. पुढे त्याचे दिवस फिरले. १९८० नंतरच्या काळात तर इमारतीची पार रया गेली. मालक कर्जात बुडालेला, दुरुस्त्या रखडलेल्या, सतराशे साठ तक्रारी. तरीही आत काही म्हातारी, आजारी माणसं राहत होती. जाणार कुठं? आणि बाहेरच्या फूटपाथवर तर किती जण झोपायचे!

रोझॅन हॅगर्टी नावाची एक तरुणी तेव्हा गरिबांसाठी घरं बांधण्याच्या कामात होती. कॉलेज संपल्यावर याच भागातल्या, घर सोडून आलेल्या मुलांच्या एका निवाऱ्यात तिनं स्वयंसेविका म्हणून काम केलं होतं. या हॉटेलचं काहीतरी करा, असं ती संस्थांना सांगत फिरली. एवढं मोठं धूड अंगावर घ्यायला कुणी तयार होईना. मग तिनंच १९९० मध्ये 'कॉमन ग्राउंड' ही संस्था काढली. महापालिकेचं कर्ज मिळवलं, करात सवलत मिळते म्हणून कंपन्यांनीही पैसे गुंतवले, आणि १९९१ मध्ये संस्थेनं ते हॉटेल चक्क विकत घेतलं.

आता पुढचं नीट वाचा, कारण खरी गोष्ट इथं आहे.

त्या काळी बेघर माणसाला घर मिळायचं ते एकेक पायरी चढून. आधी दारू सोडा. औषधं वेळेवर घ्या. निवाऱ्यात नीट वागून दाखवा. मग थोडी बरी खोली, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर घर. एक पायरी चुकली की परत रस्त्यावर. म्हणजे आधी पोहायला शिका, मग विहिरीत उतरा, असंच झालं की हे! ज्याला रात्रभर डोळा लागत नाही, ज्याची पिशवी कुणी ना कुणी पळवतं, त्यानं सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या तरी कशा? नोकरीच्या अर्जावर पत्ता कुठला लिहायचा?

हॅगर्टी आणि तिच्यासारख्या काही जणांनी हा क्रम उलटा केला. आधी घर. कायमचं. तात्पुरता आसरा नव्हे, तर भाडेकरार असलेली, स्वतःच्या किल्लीनं उघडणारी खोली. त्या जुन्या हॉटेलात अशा ६५२ खोल्या तयार झाल्या. भाडं द्यायचंच, पण साधारण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं.

आणि मदतही त्याच छपराखाली. समाजसेवकांची ऑफिसं इमारतीतच. कुणाचं मन बिघडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला सरकारी कागद भरता येत नाहीत, तर जिना उतरून खाली यायचं. जबरदस्ती मात्र नाही. मदत घेतली नाही म्हणून खोली जात नाही.

आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. सगळ्या खोल्या बेघरांनाच दिल्या नाहीत. जवळपास निम्म्या दिल्या कमी पगाराच्या कामकऱ्यांना. थिएटरांच्या वस्तीत त्यात नट-नट्या आणि नाटकवाले नसतील तर नवलच! त्यामुळे 'ही बेघरांची इमारत' असा शिक्का तिच्यावर बसला नाही. खाली 'बेन अँड जेरीज' या आइस्क्रीमचं दुकान संस्थेनंच चालवायला घेतलं आणि भाडेकरूंना तिथं काम दिलं. काल फूटपाथवर असलेला माणूस आज तुम्हांला कोन भरून देतोय, पाहा बरं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं फार महाग पडत असेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये याचाच हिशेब मांडला. मानसिक आजार असलेल्या, न्यूयॉर्कमध्ये अशी घरं मिळालेल्या ४,६७९ बेघर माणसांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. घर मिळण्याआधी एकेका माणसावर इस्पितळं, निवारे, तुरुंग मिळून वर्षाला ४०,४५१ डॉलर खर्च होत होते. घर मिळाल्यावर त्यातले एका घरामागे १६,२८१ डॉलर वाचले. आणि मदतीसकट घर देण्याचा खर्च? वर्षाला १७,२७७ डॉलर. करा वजाबाकी! जेमतेम हजार डॉलरचा फरक. माणूस रस्त्यावर ठेवणंही स्वस्त नसतं, फक्त ते बिल वेगवेगळ्या खिशांतून भरलं जातं.

पण गोष्ट इथं संपत नाही. ६५२ खोल्या भरल्या, तरी हॉटेलच्या आसपास माणसं झोपलेली होतीच. असं कसं? मग कार्यकर्ते भल्या पहाटे उठून रस्त्यांवर फिरू लागले. किती माणसं आहेत, कोण आहेत, किती वर्षं इथं आहेत, हे लिहून काढू लागले. तेव्हा लक्षात आलं, की वर्षानुवर्षं या लोकांना सँडविच मिळालं होतं, ब्लँकेट मिळालं होतं. घर हवंय का, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं होतं. आणि हवंय म्हटलं, तर कागदपत्रांचा एवढा डोंगर, की आधीच खचलेला माणूस तिथंच मटकन बसे. मग कार्यकर्त्यांनी सगळ्यात जास्त वर्षं रस्त्यावर काढलेल्यांना पहिला नंबर दिला आणि कागदांसाठी स्वतःच खेटे घातले. २००५ मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये अशी ५५ माणसं मोजली होती. २०१० मध्ये उरला एक.

न्यूयॉर्कची सगळी बेघरी काही संपली नाही. घरभाडी एवढी चढलीत, की आजही शहराच्या निवाऱ्यांत रोज रात्री हजारो माणसं झोपतात. हॅगर्टीनं २०११ मध्ये दुसरी संस्था काढली, 'कॉमन ग्राउंड'नं २०१५ मध्ये 'ब्रेकिंग ग्राउंड' असं नाव घेतलं. ते हॉटेल मात्र लोकांचं घर झालं ते झालंच.

आणि तो उरलेला एक? तो नाहीच म्हणत राहिला. कार्यकर्त्यांनी त्याला ओढत नेलं नाही, की त्याचा नादही सोडला नाही. येता-जाता त्याच्यापाशी थांबायचे, कसा आहेस विचारायचे, आणि खोलीचं पुन्हा एकदा सांगून पुढे जायचे.