फोन मराठीत ठेवला हा गुन्हा नाही

शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा जरा भांडून घेतो.

अ‍ॅपमधून पाठवलेला फोटो सापडत नाही अशी तक्रार आली की आमच्या धंद्यात एक ठरलेलं उत्तर मिळतं: "फोनची भाषा इंग्रजी करा." वा रे वा! सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेला पूर आला होता. समजा, तेव्हा शिरूर कासारच्या एका शेतकऱ्यानं बुडालेल्या कपाशीचा फोटो पंचनाम्यासाठी पाठवला. फोन मराठीत. इकडे फाइलीला तारखेचं नाव देणाऱ्या महाशयांनी 'सिंपलडेटफॉरमॅट' वापरलाय, पण लोकेल दिलेलाच नाही. मग अँड्रॉइड फोनचाच लोकेल उचलतो आणि नावात देवनागरी आकडे येतात. त्याचं काही चुकलं नाही. पलीकडचा कोड मात्र इंग्रजी शून्य ते नऊ शोधत बसतो. फाइल आहे, पण सापडत नाही! नावानुसार यादी लावली तरी ती तळाला, कारण युनिकोडमध्ये देवनागरी आकडे इंग्रजी अक्षरांच्याही कितीतरी नंतर येतात.

आता चूक कुणाची? त्या शेतकऱ्याची?? ज्यानं 'लोकेल डॉट रूट' एवढं लिहायचा कंटाळा केला, त्याची. मशीननं वाचायच्या मजकुरासाठी फोनच्या लोकेलवर विसंबू नका, हे अँड्रॉइडच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. वाचतो कोण म्हणा! स्क्रीनवरची तारीख माणसासाठी, ती खुशाल मराठीत दाखवा. फाइलीचं नाव मशीनसाठी.

आणि नाव बनवताच आहात तर वर्ष-महिना-दिवस असंच बनवा. आयएसओ ८६०१ हे १९८८ पासून सांगतंय. दिवस आधी टाकला की १ जानेवारीशेजारी १ फेब्रुवारी येऊन बसते. (इथे मी देवनागरीत लिहितोय, फाइलीत इंग्रजी आकडेच हं.) महिन्याचा एम कॅपिटल, स्मॉल एम म्हणजे मिनिटं. वाय मात्र स्मॉल, कारण जावात कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष, आणि मग ३१ डिसेंबर २०२५ ची फाइल २०२६-१२-३१ नावानं जन्माला येते. सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख पडते, ते वेगळंच. पंचनाम्यात एका दिवसाचा फरक म्हणजे काय, ते ज्याचं शेत गेलंय त्याला विचारा.

"पण मराठीत फोन वापरतात तरी किती?" असं विचारणारे भेटतातच. आधी तुमच्या ऑफिसातले किती टेस्ट फोन मराठीत आहेत ते मोजा, मग बोलू.