खरज कुठे गेला?

सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी अनेक वर्षांच्या बचतीतून छातीएवढ्या उंचीचे टॉवर स्पीकर घेतले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले आणि ते खट्टू झाले. स्वर बरोबर होता, जवारी स्पष्ट होती, पण खरजाचा भार जाणवत नव्हता. विक्रेत्याने उपाय सुचविला : अधिक महागडी तार. ती घेण्यापूर्वी त्यांनी मला बोलावले.

काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खरजाची वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे या स्वराची तरंगलांबी जवळपास पाच मीटर. स्नेह्यांचा सोफा मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर होता. कानाजवळून पुढे गेलेला तरंग भिंतीपर्यंत सव्वा मीटर जातो आणि तेवढेच अंतर परततो. एकूण अडीच मीटर, म्हणजे नेमकी अर्धी तरंगलांबी. परतणारा तरंग येणाऱ्या तरंगाच्या विरुद्ध कलेत पोहोचतो आणि दोघे एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. वरचे स्वरांश शाबूत असल्याने मेंदू मूळ स्वर ओळखतो; म्हणून तंबोरा बेसूर वाटत नाही, केवळ पातळ वाटतो. आम्ही सोफा भिंतीला टेकवला. खरज परत आला. खर्च शून्य.

उत्तम स्पीकर आणि साधा स्पीकर यांत फरक नसतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. समान तीव्रतेसाठी वारंवारता निम्मी केली, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून खालच्या सप्तकांना मोठा शंकू आणि मोठी पेटी हवी. पेटीला ठेवलेले नळीसारखे छिद्र बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर उमटणाऱ्या स्वराच्या तत्त्वावर काम करते. तीन हजार हर्ट्झला तरंगलांबी अवघी अकरा सेंटिमीटर उरते. तेथे मोठा शंकू ध्वनी झोतासारखा समोरच फेकू लागतो, म्हणून काम लहान पडद्याकडे सोपवावे लागते. पेटीच्या टोकदार कडाही ध्वनी विस्कटतात, हे हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये निरनिराळ्या आकारांच्या पेट्या मोजून दाखविले. तेव्हा गोलावलेली कड आणि पेटीच्या आतले आडवे आधार ही खरी कारागिरी. दुर्मीळ लाकडाची चकाकी हे फर्निचर. ते सुंदर असू शकते, पण त्याचा हिशेब वेगळा मांडावा.

या कारागिरीची दिशा समजण्यासाठी मिरजेकडे पाहावे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथला कारागीर भोपळा आणि घोडी यांतून वाद्याला स्वतःचा आवाज देतो. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखविले की अशा वक्र घोडीमुळे तारेत असे स्वरांशही उमटतात, जे छेडण्याच्या जागेचा विचार करता जुन्या नियमानुसार उमटायलाच नकोत. स्पीकर घडविणाऱ्याचे काम याच्या नेमके उलट आहे : पेटीला आणि शंकूला स्वतःचा आवाज राहू द्यायचा नाही. दोघांचा विषय एकच, अनुनाद. एक त्याला जोपासतो, दुसरा त्याला आवरतो.

मग चांगले कोणते, हे ठरवायचे कसे? ‘कान हाच प्रमाण’ असे म्हणणाऱ्यांना मी अर्धे मान्य करतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात नाव आणि किंमत झाकून श्रोत्यांना स्पीकर ऐकविले. तेव्हा श्रोत्यांची पसंती बरीचशी जुळली, आणि ती समोरच्या व बाजूच्या दिशांना सपाट, सलग आलेख असणाऱ्या स्पीकरांकडे झुकली. कान आणि मापन यांत वैर नाही. वैर आहे ते कान आणि किंमतपत्रिका यांत.

आपल्याकडे हातांची वानवा नाही. पुण्याच्या केडन्स आणि कोचीच्या रेथम या नावांनी येथे घडलेले उभे स्पीकर परदेशी श्रोत्यांपर्यंत गेले आहेत. ध्वनिमापनाची राष्ट्रीय प्रमाणके याच दिल्लीत, पुसा परिसरातील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. उणीव आहे ती मोजण्याच्या सवयीची. लाखांच्या वस्तूसोबत आलेख मागणारा ग्राहक विरळा, आणि ध्वनिशास्त्र पदवीच्या प्रयोगवहीत जेमतेम दोन पाने व्यापते.

म्हणून विद्यार्थ्यांना एक प्रयोग सुचवितो. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर घ्या. त्याला एक रोध जोडा, फोनमधून शुद्ध स्वर द्या आणि वारंवारता बदलत स्पीकरच्या टोकांमधला विद्युतदाब मोजा. ज्या वारंवारतेला तो सर्वाधिक भरेल, ती शंकूची नैसर्गिक वारंवारता. आता शंकूच्या मध्याभोवती वजन करून घेतलेली थोडी माती समप्रमाणात चिकटवा. ही वारंवारता उतरेल. जुन्या वारंवारतेला नव्या वारंवारतेने भागा, त्याचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा. मातीच्या वस्तुमानाला या संख्येने भागले की शंकूचे हलणारे वस्तुमान मिळते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी उभारलेल्या पेटीच्या गणिताची सुरुवात अशाच मोजमापांतून होते.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून स्वर उतरविणारा वादक पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला आहे. त्याच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट आपल्या वहीत आकड्यांनी उतरली, तर महागडी तार विकत घेण्याआधी आपण सोफा हलवून पाहू.