वकिलाचें मौन

दुसऱ्याचें गुपित सांभाळणें हा सज्जनाचा गुण होय, असें आपण मानतों. वकिलाच्या बाबतींत मात्र तो केवळ गुण नव्हे. तें कायद्यानें घातलेलें बंधन आहे. हा भेद सुशिक्षित घरांतही पुष्कळांच्या ध्यानांत नसतो, म्हणून या महिन्यांत त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत १२६ व्या कलमानें हें बंधन घातलेलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला असून, तोच नियम आतां त्याच्या १३२ व्या कलमांत आहे. अशिलानें कामानिमित्त वकिलास जें सांगितलें, जे कागद दाखविले, व वकिलानें जो सल्ला दिला, त्यांपैकीं कांहींही अशिलाच्या स्पष्ट संमतीवांचून उघड करण्याची मुभा वकिलास नाहीं. काम संपलें तरी बंधन संपत नाहीं. वकिलाचा कारकूनही त्यानें बांधलेला आहे.

येथें कोणी नीतिमान् वाचक विचारील, 'मग वकील पापाचा वांटेकरी होत नाहीं काय?' याचें उत्तर कायद्यांत दिलेल्या उदाहरणांतच आहे. एक मनुष्य वकिलास म्हणतो, 'मीं खोटा दस्तऐवज केला आहे. माझा बचाव करा.' हें बोलणें गुप्त राहतें. दुसरा म्हणतो, 'या खोट्या दस्तऐवजावर दावा लावून मला मिळकतीचा ताबा मिळवून द्या.' यास संरक्षण नाहीं. पहिला झालेल्या कर्माबद्दल न्यायासनापुढें उभा राहतांना साह्य मागतो. दुसरा वकिलालाच नव्या कुकर्माचें साधन करूं पाहतो. शिवाय मौन पाळणें निराळें व असत्य बोलणें निराळें. कायदा पहिलें सांगतो, दुसरें नव्हे. हें मौन नसेल तर निरपराधी मनुष्यही भयानें अर्धी हकीकत गिळील, आणि त्या अर्ध्यांतच पुष्कळदां त्याच्या बचावाचा धागा असतो.

न्यायालयांत हा नियम सहसा मोडत नाहीं. तो मोडतो ओटीवर व पंगतींत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत वांटणीचा दावा चालू होता. थोरल्या बंधूंनीं आपल्या कर्जाची गोष्ट वकिलास विश्वासानें सांगितली. ती वकिलांच्या घरच्या जेवणांतील बोलण्यांतून बाहेर पडली, आणि त्या बंधूंच्या कन्येचें ठरत आलेलें लग्न मोडलें. वकिलांच्या मनांत कोणाचें वाईट नव्हतें. पुढें दावा त्या बंधूंसारखाच झाला. परंतु हुकूमनाम्यानें मोडलेलें लग्न थोडेंच जुळतें?

अशा वेळीं उपाय नाहीं असें नव्हे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाच्या ३५ व्या कलमाप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, तक्रार करतां येते. तींत तथ्य दिसल्यास तीन सभासदांची शिस्त समिति वकिलाचें म्हणणें ऐकून चौकशी करते. गैरवर्तन ठरल्यास ताकीद मिळते, कांहीं काळ सनद तहकूब होते, किंवा वकिलांच्या पटावरून नांवच काढलें जातें. या निर्णयावर ६० दिवसांचे आंत भारतीय बार कौन्सिलकडे व त्यापुढें सर्वोच्च न्यायालयाकडे अपील चालतें. एका पक्षाचें काम केलेल्या वकिलानें त्याच प्रकरणांत उलट पक्षातर्फे उभें राहूं नये, असाही बार कौन्सिलचा नियम आहे.

सर्वोच्च न्यायालयानें ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं असें ठरविलें कीं, कायद्यांतील अपवाद लागू असल्याखेरीज पोलिसांनीं अशिलाची माहिती काढण्यासाठीं त्याच्या वकिलास बोलावूं नये. व अपवाद असला तरी वरिष्ठ अधिकाऱ्याची संमति घ्यावी. जें पोलिसांनाही सहजासहजीं विचारतां येत नाहीं, तें पंगतींतील पाहुण्यास न विचारतां मिळावें काय?

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं मुलगा, सून किंवा जांवई वकिली करीत असेल. ते कोर्टांतून परतले म्हणजे 'दमलांत का?' एवढेंच विचारावें. 'आज कोण आलें होतें?' हें विचारूं नये. आणि ज्यांस तक्रार करण्याचा प्रसंग आला असेल त्यांनीं ती लेखी करावी. चारचौघांत बोलूं नये, कारण तसें केल्यानें आपलेंच गुपित आपण अधिक पसरवितों.