तिला आकाश शिकू द्या

बारावीचा निकाल लागला की उधन्यातल्या आमच्या मराठी मंडळीत उपासनेनंतर एकच विषय: इंजिनिअरिंग, की कापड-हिऱ्याची लाइन? यंदा एका मुलीने भौतिकशास्त्र, पुढे खगोलभौतिकी म्हटले आणि आम्हा वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरले. नोकरीची काळजी आम्हालाही कळते. पण "विश्वास डळमळेल" ही भीती पटत नाही.

1927 साली प्रसरण पावणाऱ्या विश्वावर निबंध लिहिणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. 1951 मध्ये पोपनी या विज्ञानाचा उत्पत्तीशी मेळ घातला, तेव्हा लमेत्रना ते रुचले नाही. गणिताला श्रद्धेचा साक्षीदार करू नये, अशी त्यांची भूमिका. आम्ही मात्र शब्बाथशाळेत अजून ताऱ्यांचे पुरावे वाटतो!

सुरतेतच एसव्हीएनआयटीत भौतिकशास्त्राचा पाच वर्षांचा एमएस्सी आहे. पुढे अहमदाबादला साराभाईंनी 1947 साली स्थापलेली पीआरएल, पुण्याला नारळीकरांची आयुका. मात्र तारे पाहण्याची हौस वेगळी आणि वर्षानुवर्षे समीकरणे सोडवणे वेगळे, हे तिला आत्ताच सांगायला हवे. तिने ऐकले, हसली, म्हणाली, "गणितच तर आवडतं."

शिक्षणनिधीतून तिच्या फीला हातभार लावावा, असे आम्ही पंचकमिटीला लिहिले आहे.